एकोणतिसाचा पाढा आणि सोमेश्वरचा चढ

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली, थंडी पडायला लागली, की आपल्या नाशकात पहाटेच्या रस्त्यांवर नवी माणसं दिसू लागतात. गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे आपलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गंगापूर रोड. कानटोपी, नवे बूट, आणि चेहऱ्यावर निश्चय. संक्रांत येईपर्यंत यातले कितीतरी चेहरे दिसेनासे होतात. आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. लोक त्यांना आळशी म्हणतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. ही माणसं आळसाने गेलेली नसतात. ती पहिल्याच आठवड्यात फार जोरात पळालेली असतात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. नवख्या माणसाने, बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि पुन्हा ऐका. बोलता येईल, इतक्याच वेगाने. पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर आहे. वाक्य मध्येच तुटलं, तर वेग जास्त आहे. मग लाज न बाळगता चालायला लागायचं, आणि श्वास बसला की पुन्हा पळायचं.

हे काही आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबने शोधून काढलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरमध्ये, एकाच दुपारी सुवर्णपदकं जिंकली. असा हा माणूस पुढे ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या लोकांना घेऊन पळू लागला. त्यांनाही त्यांचं सांगणं हेच, की गप्पा मारता येतील असं पळा. जगातले सगळ्यात वेगवान धावपटू घडवणारा माणूस साध्या माणसाला हळू पळायला सांगतो, तेव्हा त्यात काही अर्थ असतो.

अर्थ असा, की आपलं हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. त्यामुळे महिनाभरात वाटायला लागतं, जमतंय, आता वाढवू या. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, ज्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात, त्यांना कित्येक महिने लागतात. हाड मजबूत होताना आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. घराचा जुना गिलावा खरवडल्याशिवाय नवा बसत नाही, तसंच. त्या मधल्या दिवसांत हाड थोडं नाजूक असतं, आणि नेमकं तेव्हाच उत्साहाच्या भरात अंतर दुप्पट केलं जातं. मग नडगी दुखायला लागते आणि बूट खाटेखाली जातात.

शास्त्र एवढं पुरे. आता आमच्या बाईंची गोष्ट सांगते.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. निवृत्त झाल्या आणि तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मैदानावर येऊ लागल्या, आणि तिथे आमचा गट पळताना पाहून डॉक्टरांना विचारूनच आमच्यात आल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेशी घट्ट खोचलेली, केसांचा अंबाडा. आमच्या सरांनी, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षकांनी, त्यांना सांगितलं, "बाई, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. आणि पळताना बोलत राहायचं."

बाई म्हणाल्या, "कोणाशी बोलू? सगळे तर पुढे गेले."

आमच्या क्लबात एक रीत आहे. दर वेळी एकाने सगळ्यांच्या मागे राहायचं. शेवटचा माणूस परत येईपर्यंत त्याच्या सोबत राहायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. क्लब निवडताना त्यांची टी-शर्टं बघू नका, पदकांचे फोटो बघू नका. शेवटच्या माणसासोबत कोण असतं, तेवढं बघा. त्या दिवशी मागे राहायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "बाई, माझ्याशी बोला." पण बाईंचा स्वभाव अबोल. ओळख नाही पाळख नाही, काय बोलणार? जरा विचार करून म्हणाल्या, "मी पाढे म्हणते."

आणि त्या पळू लागल्या. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. बारा सक बहात्तरला श्वास तुटला. चालायला लागल्या. दोन मिनिटांनी पुन्हा, बारा एके बारा. ना मनगटावर घड्याळ, ना फोनवर ॲप. आवाज तुटला की वेग जास्त, आवाज टिकला की बरोबर. आठवडे जात गेले तशी बाईंची मजल बारावरून तेरावर गेली, तेरावरून सतरावर.

जाता जाता सांगते, पाढे शाळेतून आणि घरातून जाऊ देऊ नका. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे हे मलाही माहीत आहे. पण तोंडपाठ असलेली गोष्ट अंधारात, पावसात, धाप लागलेली असतानासुद्धा माणसाच्या जवळ असते. असो.

तर रविवारी आमचा लांबचा सराव असतो. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जायचं, धबधब्याच्या बाजूला नदीकडे उतरायचं आणि परत मुख्य रस्त्याला चढून यायचं. उतरताना छान वाटतं, येताना तो चढ सगळ्यांचा घाम काढतो. बाई सतराचा पाढा म्हणत चढत होत्या, मी मागे. सतरा त्रिक एकावन्न. सतरा चोक... आणि श्वास संपला. शब्द येईना.

तेवढ्यात डाव्या हाताच्या इमारतीच्या फाटकातून आवाज आला. "अडुसष्ट!"

बघतो तर प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमन मामा. डोक्याला मफलर, हातात चहाचा ग्लास. आमच्याकडे बघून हसले, बाकी काही नाही. बाई हसल्या आणि चालू लागल्या.

पुढच्या रविवारी तोच चढ, तोच पाढा. सतरा पाचे... "पंच्याऐंशी!" मामा वाट बघतच बसले होते. मग तो नेमच झाला. बाईंचा श्वास जिथे तुटेल, तिथून मामा पाढा पुढे न्यायचे. मामांना मध्ये बोलायची संधीच द्यायची नाही, पाढा फाटकाच्या आधी संपवायचा, असं बाईंनी ठरवलं. पण चढ काही संपू देत नव्हता.

एकदा मामाच म्हणाले, "बाई, तुम्ही पाऊल लांब टाकताय. लांब टाकलं की चढ दम खातो. बारीक टाका. पण भराभर." आमचे सर नेमकं हेच सांगत होते. चढावर पाऊल छोटं, पावलांचा ठेका तोच. बाईंनी विचारलं, "मामा, तुम्हाला कसं माहीत?" मामा म्हणाले, "मी हरसूलकडचा. आमच्याकडं सपाट रस्ता आहे कुठं? शाळेत पळतच जायचो." आणि मग अगदी अभिमानाने, "आमच्या सावरपाड्याची पोर पळाली ना दिल्लीला."

श्रोतेहो, ते कविता राऊतबद्दल बोलत होते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक तिने मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य. तिचा सराव इथे, आपल्या नाशकात झाला. ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला सांगितली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बाईंनी मामांना विचारलं, "मग शाळा कितवीपर्यंत?"

"चौथी."

बाई तिथेच थांबल्या. ज्यांचा सगळा जन्म चौथीच्या वर्गात गेला, त्यांना त्या एका शब्दात काय काय दिसलं असेल, मी सांगू शकत नाही. चौथीनंतर शाळेत न आलेली मुलं त्यांच्याही हजेरीपटावर होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाढे कितीपर्यंत येतात?" मामा म्हणाले, "अठ्ठावीस. एकोणतिसाचा यायच्या आत शाळा सुटली."

परतीच्या वाटेवर बाई काही बोलल्या नाहीत. पाढाही म्हटला नाही. मैदानावर पोचल्यावर मात्र सरांना म्हणाल्या, "सर, मला तो चढ न थांबता चढायचा आहे. बोलत."

आधी दहा किलोमीटर पूर्ण करायचे, एवढंच त्यांच्या मनात असायचं. आता चढ एका दमात पार करून एकोणतिसाचा पाढा अखंड मामांच्या कानावर घालायचा होता. सरांनी घाई करू दिली नाही. आठवड्यातून एकच दिवस चढ, तोही अर्धाच. बाकीचे दिवस सपाट रस्ता, चाल आणि पळ, आणि मध्ये पूर्ण विश्रांती. बाईंनी एकदाही जास्तीचं मागितलं नाही. चौथीच्या पोरांना रोज थोडं थोडं शिकवणाऱ्या बाई त्या, त्यांना ते वेगळं सांगावं लागलं नाही.

थंडी ओसरत आली होती त्या वेळची गोष्ट. आम्ही धबधब्याकडून वळलो. बाईंनी पाऊल बारीक केलं आणि सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आवाज मोठा नव्हता, पण तुटत नव्हता. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. मामा खुर्चीवरून उठून फाटकाबाहेर आले. बाई पळतायत, मी मागे, आणि मामा ओठ हलवत ऐकतायत. फाटकापाशी आलो आणि बाईंनी शेवटचं म्हटलं, "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद." मग थांबल्या, आणि वर्गात म्हणाव्या तशा म्हणाल्या, "हं, आता तुम्ही."

मामांनी म्हटला. मध्ये दोनदा अडले. बाईंनी पुढचं सांगितलं.

मामांचा एकोणतीस पाठ झाला, तिसाचाही झाला. बाई आता दहा किलोमीटर पळतात, आणि नव्या माणसांसोबत मागे राहायची पाळी स्वतःहून मागून घेतात.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचं भराभर. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि सोबतच्या माणसाला सांगा. बूट पायाला नीट बसणारे हवेत, महागडेच हवेत असं नाही. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. नडगी दुखली तर दुखणं दाबून पळू नका, काही दिवस चाला. आणि पावडरीचे डबे विकत घेण्याआधी घरची नाचणी-बाजरीची भाकरी, डाळ, अंडी, दाणे पोटभर खा. रविवारच्या सरावानंतर मिसळ खायला माझी काही हरकत नाही. नाशकात राहून मिसळीला नाही म्हणणं मला तरी मान्य नाही.

महापालिकेलाही एक विनंती. फुटपाथ मोकळे ठेवा. पहाटे अंधारात म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर उतरून चालावं लागतं, पळावं लागतं, हे या शहराला शोभत नाही.

पळायला सुरुवात करायची असेल, तर जवळच्या मैदानावर जा, तिथला गट शोधा, आणि पहिल्याच दिवशी विचारा, "तुमच्यात शेवटी कोण राहतं?" उत्तर आलं तर तिथेच थांबा, तो गट तुमचा. आणि पळताना काय करायचं? शेवटचं एकदा सांगते, बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. पाढे म्हणा, हरिपाठ म्हणा, शेजारणीला कालचं सगळं सांगा, पण बोलत राहा.

नमस्कार.