वाढप्यांची पंगत शेवटची

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष आणि इथे जमलेले सगळे ज्येष्ठ-तरुण श्रोते,

मी एकतीस वर्षं एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात काढली. लोकप्रतिनिधींना लोकांच्या पैशातून आरोग्य विमा द्यावा का, हा आजचा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही, तो माझ्या टेबलावर आला होता. तिथूनच सुरुवात करतो.

सर्वसाधारण सभा होती. विषयपत्रिकेवर अठरा विषय. पाणीपट्टी वाढवायची की नाही यावर दीड तास खडाजंगी झाली, एक सदस्य सभात्याग करून गेले, परत आले. संध्याकाळ झाली आणि एकोणिसावा विषय ऐनवेळी आला. सदस्य आणि त्यांच्या कुटुंबीयांचा गट आरोग्य विमा काढणे, हप्ता नगरपरिषद फंडातून. सूचक सत्ताधारी बाजूचे, अनुमोदक विरोधी बाजूचे. दोन मिनिटांत ठराव सर्वानुमते मंजूर. त्या पाच वर्षांत त्या सभागृहात सर्वानुमते झालेले ठराव एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यातला हा एक.

त्याच आठवड्यात एक बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नवरा कंत्राटी सफाई कामगार. कचरा उचलताना काच लागली, जखम चिघळली, बोट काढावं लागलं. दुधाच्या पिशवीत घडी करून डिस्चार्ज कार्ड आणि अठ्ठेचाळीस हजारांचं बिल. तिचं म्हणणं एवढंच, की पगारातून दर महिन्याला ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापतात, मग दवाखान्यात नाव का नाही? मी कागद काढले. कंत्राटदाराने पैसे कापले होते, भरले नव्हते. आणि आमच्या विभागाने पैसे भरल्याचं चलन न पाहता त्याची बिलं काढली होती.

त्या विम्याच्या ठरावावर लेखा विभागाचा अभिप्राय मीच लिहिला होता. तीन शब्द: 'तरतूद उपलब्ध आहे.' आकड्यांच्या दृष्टीने बरोबर होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पैसे आहेत का एवढंच मी पाहिलं. ते पैसे कुणाच्या आधी कुणाला मिळतायत, हे पाहणं माझं काम नाही असं मी धरून चाललो.

आता लगेच काहीजण म्हणतील, हे राजकारणी असेच. माझं म्हणणं ते नाही. लोकप्रतिनिधीला काहीच देऊ नये, त्याने पदरमोड करून सेवा करावी, हे वाक्य ऐकायला उदात्त वाटतं; पण त्याचा अर्थ असा होतो, की ज्याच्याकडे पदर आहे त्यानेच निवडणूक लढवावी. इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांनी ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यातली एक होती खासदाराला पगार द्या. का? तर पगार नसेल तर गिरणीतला माणूस संसदेत जाऊच शकत नाही. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडलं, तेव्हा वर्षाला ४०० पौंड ठरले. म्हणजे प्रतिनिधीला मोबदला देणं ही मागणी मुळात गरिबांची आहे, श्रीमंतांची नव्हे.

आपल्याकडे तर हा प्रश्न जास्तच खरा आहे. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. महाराष्ट्रात आता स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत. दोन हजार वस्तीच्या गावातली सरपंच बाई डोळ्यांपुढे आणा. २०१९च्या दराने तिला महिन्याला ३००० रुपये मानधन होतं, २०२४च्या सप्टेंबरात ते दुप्पट होऊन ६००० झालं. पंचायत समितीत बैठक, तहसीलला चकरा, ग्रामसभा, कुणाच्या घरी मयत झालं तर तिथे, पाण्याची मोटर जळाली तर तिथे. जेवढे दिवस हे, तेवढे दिवस मजुरी बुडते. ती आजारी पडली तर तिने उपचार कुठून करायचे, हा प्रश्न विचारायलाच हवा. मोठ्या शहरातल्या नगरसेवकाची गोष्ट वेगळी. २०१७ साली मानधन वाढलं तेव्हा मुंबईच्या नगरसेवकाला महिन्याला २५,००० ठरले, पुणे-नागपूरला २०,०००. या सगळ्यांना 'लोकप्रतिनिधी' या एका शब्दात बसवून एकच न्याय लावला, तर तो कुणाला तरी अन्याय होतो.

इथे मला जोतीराव फुल्यांची आठवण होते. महाराष्ट्रातल्या आरोग्य योजनेला त्यांचं नाव आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ते स्वतः १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते हे फारसं बोललं जात नाही. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होता, त्याच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून हजार रुपये खर्चायचं घाटत होतं. सरकारने नेमलेल्या बत्तीस सदस्यांत विरोधात मत देणारे फुले एकटे. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १८८८ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. फुल्यांनी शेवटचं पुस्तक डाव्या हाताने लिहून पुरं केलं. अखेरची वर्षं आर्थिक ओढाताणीची गेली.

या एका आयुष्यात आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत, म्हणून मी ते सांगितलं. लोकांसाठी झिजलेल्या माणसाला आजारपणात पैशाची चणचण भासू नये, हेही खरं. आणि नगरपालिकेचा रुपया कुणाचा आहे याचं भान सभागृहात एकट्याने हात वर करून ठेवावं लागतं, हेही खरं.

मग चूक नेमकी कुठे होते? आपल्याकडे लग्नात, भंडाऱ्यात एक रीत आहे. वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात. त्यांनाही भूक असते, दिवसभर तेच राबलेले असतात, त्यांचा जेवणावर हक्क असतोच. पण पळी त्यांच्या हातात असते, म्हणून ते आधी बसत नाहीत. आणि बसतात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक नसतो.

आमच्या त्या ठरावात पळी हातात असणाऱ्यांनी आधी आपल्या ताटात वाढून घेतलं होतं. महापालिका अधिनियमाचं कलम १० पाहा. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४मध्येही हेच सूत्र आहे. गटाराच्या कामात मेव्हण्याची भागीदारी निघाली तर पद धोक्यात येतं. म्हणजे स्वतःचा फायदा असेल तिथे हात वर करू नये, हे तत्त्व कायद्याला ठाऊक आहे. पण सभागृहातल्या पंचवीसही जणांचा सारखाच फायदा असला, की कुणालाच तो हितसंबंध वाटत नाही! उलट सगळ्यांचं एकमत झालं म्हणून तो निर्णय शहाणपणाचा वाटायला लागतो. अशा वेळी विरोधी बाजूला बसलेला माणूसही राखणदार उरत नाही. ठराव तहकूब करायला नगरपरिषदेच्या कायद्यात कलम ३०८खाली जिल्हाधिकारी आहेत, महापालिकेच्या कायद्यात कलम ४५१खाली राज्य सरकार आहे. पण हे झालं वरून येऊन हात धरणं. पळी खाली ठेवायची सवय त्यातून लागत नाही.

यावर एक जुना उपाय आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत २७वी दुरुस्ती आहे. तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्यांनी स्वतःच्या पगारात बदल केला, तर तो मधे एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. ही दुरुस्ती मांडली गेली १७८९ साली आणि मंजूर झाली १९९२ साली. दोनशेहून जास्त वर्षं ती लोंबकळत होती. आपल्या संसदेने पंचायती आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्या मंजूर केल्या त्या १९९२च्याच डिसेंबरात. आपल्या गावातही हा नियम आपण लावू शकतो. विम्याचा ठराव करा, जरूर करा, पण तो पुढच्या सभागृहासाठी करा. तुम्ही पुन्हा निवडून आलात तर तुम्हालाही मिळेल, पण मधे मतदाराने तो ठराव पाहिलेला असेल. न्यू जर्सीत, जिथे आपली पुष्कळ मराठी मंडळी स्थायिक आहेत, २०१०च्या कायद्याने याच प्रश्नाला दुसरीकडून हात घातला. त्यानंतर नव्याने पदावर येणाऱ्या स्थानिक लोकप्रतिनिधीचं काम आठवड्याला ३५ तासांचं असेल तरच सरकारी आरोग्य विमा. अर्धवेळ कामाला पूर्णवेळाचा लाभ नाही. हा निकष मला पूर्ण पटत नाही, कारण आपल्या सरपंच बाईचे तास कुठल्या मस्टरवर लागतच नाहीत. पण लाभ घेताना कामाचा हिशेब द्यावा लागतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आता स्वयंपाक वेगळा असण्याबद्दल. पुणे महापालिकेचं उदाहरण घ्या. तिथे अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना आहे. कर्मचारी, निवृत्त सेवक आणि त्यांच्यासोबत आजी-माजी नगरसेवकही तिचे लाभार्थी. बिलाचा मोठा भाग पालिका भरते, थोडा भाग लाभार्थी. तिथेच शहरी गरीब योजना आहे, तिला उत्पन्नाची अट आणि मदतीला लाखांत मोजलेली मर्यादा. अंशदायी योजनेत एक गोष्ट चांगली आहे, सदस्याला स्वतःचाही वाटा द्यावा लागतो. मला खटकतो तो 'माजी' हा शब्द. पाच वर्षं निवडून आलेला माणूस नोकरीत नव्हता; निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याच्या रांगेत त्याला आयुष्यभर कोणत्या नात्याने बसवायचं? पदावर असताना झालेल्या अपघाताचा, आजाराचा उपचार पुढेही चालू ठेवा, तो न्याय आहे. त्यापलीकडे तो पुन्हा नागरिक आहे.

आणि नागरिकासाठी काय आहे? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. आधी पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२३च्या निर्णयाने ते पाच लाखांवर गेलं आणि राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू झालं. म्हणजे कायद्याने नगराध्यक्ष आणि झाडूवाला आज एकाच योजनेत आहेत. मग वेगळा विमा कशाला? याचं उत्तर खासगीत सगळे सदस्य खरं देतात: 'त्यात नंबर लागत नाही हो.' ठरवून दिलेले उपचारच बसतात, यादीतलंच रुग्णालय लागतं, तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, खिडकीशी कागद घेऊन उभं राहावं लागतं, बाहेरून औषधं आणावी लागतात.

माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. नंबर का लागत नाही हे शोधण्याची ताकद गावात कुणाकडे असेल तर ती याच माणसांकडे. नगराध्यक्षांची आई त्या खिडकीशी दोन तास उभी राहिली असती, तर तिसऱ्या दिवशी तिथे दुसरी खिडकी उघडली असती. वेगळा विमा हातात आला, की त्यांना ती रांग दिसतच नाही. पालिकेच्या दवाखान्यात एक्स-रे मशीन आठ महिने बंद असतं आणि सभागृहात कुणाला पत्ता नसतो, कारण सभागृहातल्या एकाच्याही घरातलं कुणी तिथे जात नाही. विम्याच्या हप्त्यापोटी गेलेली रक्कम मला तितकी जाचत नाही. त्यापायी ही माणसं रांगेतून बाहेर पडली, ते जास्त जाचतं.

तरीही एखाद्या संस्थेला वाटलं, की आपल्या सदस्यांना जादा संरक्षण द्यावं, तर त्याची पातळी कुठे ठरवायची? त्याच संस्थेसाठी सगळ्यात धोक्याचं काम करणाऱ्याच्या ताटाशी. गटारात उतरणारा कंत्राटी माणूस. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर तो ईएसआयसीत बसतो. वेतनाच्या पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन टक्के मालकाचे. आणि तेव्हा लागू असलेल्या ईएसआयच्या १९४८च्या कायद्याचं कलम ४० स्पष्ट सांगत होतं, की कंत्राटदारामार्फत काम करून घेतलं तरी वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य नियोक्त्याची. म्हणजे आमची! नगरपरिषदेची. ती वर्गणी कंत्राटदाराच्या बिलातून वळती करून घेता येत होती. ते आम्ही केलं नव्हतं आणि सदस्यांच्या विम्याला मात्र तरतूद उपलब्ध होती.

त्या ठरावाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. आमच्या सभागृहात एक सदस्य होत्या, मंडईत भाजी विकायच्या. निवडून आल्यावरही सकाळी गाळ्यावर बसायच्या. विम्याचा अर्ज भरायला त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा ती कामगाराची बायको दुसऱ्यांदा आली होती आणि बाकावर बसली होती. दोघी एकमेकींशी बोलल्या. मग बाई मला म्हणाल्या, "भाऊ, हिच्या नवऱ्याचं काय झालंय नेमकं?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि आमचं एवढं लगेच कसं झालं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या सभेत, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना त्या उभ्या राहिल्या. कंत्राटदाराचं बिल ईएसआयसीचं चलन जोडल्याशिवाय काढायचं नाही, असं लेखी घ्या म्हणाल्या. ते मात्र घेतलं गेलं, पुढे पाळलंही गेलं. त्या कामगाराचे थकलेले पैसे भरून घेतले, बिलातले काही परत मिळाले, सगळे नाही. सदस्यांचा विमा रद्द व्हावा असंही त्यांनी मांडलं. त्याला अनुमोदक मिळाला नाही.

महिनाअखेरीस विमा कंपनीकडे पाठवायची यादी मी तयार केली. पंचवीस सदस्य, अर्ज चोवीस. अनुक्रमांक सतरापुढचा रकाना कोरा होता. तिथे मी लाल शाईने लिहिलं, 'अर्ज प्राप्त नाही', आणि यादी सहीसाठी आत पाठवली.