दिवसा शून्य, रात्री दहा

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'मधुमेहातल्या नसांच्या विकारावर जनुकीय उपचारांच्या चाचण्या', आणि त्यावर मी बोलणार आहेच, पण आधी आमच्या नानांच्या चपलेची गोष्ट, कारण माझं सगळं म्हणणं त्या चपलेपासूनच सुरू होतं.

नाना एसटीत कंडक्टर होते, आयुष्य उभ्यानं गेलं. रिटायर झाल्यावर एकदा मंडईतून भाजी घेऊन आले, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. आई म्हणाली, "अहो, दुसरी कुठाय?" तेव्हा त्यांनी खाली बघितलं. म्हणजे वैशाखाच्या उन्हात डांबरी रस्त्यावरून आलेला माणूस, आणि चप्पल निसटल्याचं त्याला आईनं विचारल्यावर कळलं! आम्ही सगळे हसलो. मी नर्स, मीही हसले, ते आजही मला टोचतं. दोन महिन्यांनी सकाळी शहाबादी फरशीवर लाल ठसे दिसले, देवघरापासून मोरीपर्यंत. चप्पल उलटी केली तर टाचेतून खिळा वर आलेला, आणि आदल्या दिवशी नाना त्याच चपलेनं गावभर फिरून आले होते.

आता माझा राग कशावर आहे ते सांगते. आठ वर्षं नाना एकाच दवाखान्यात जात होते, दर तीन महिन्यांनी. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, फाईल एवढी जाड झालेली. पण आठ वर्षांत "नाना, मोजे काढा बरं" असं एकदाही कुणी म्हणालं नाही. दोन मिनिटांचं काम हो! हा बघा, हा नायलॉनचा धागा, याला मोनोफिलामेंट म्हणतात. तळव्याला टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटायचे आणि लागला की 'हो' म्हणायचं. नाही कळलं तर मधुमेहानं नसा बधिर केल्यात, पाय धोक्यात आहे. आयसीएमआरच्या 2023 सालच्या पाहणीत देशात मधुमेहाचे 10 कोटींवर लोक निघाले, त्यातल्या किती जणांच्या तळव्याला हा धागा लागला असेल सांगा मला. या सभागृहात कुणाकुणाला शुगर आहे, हात वर करा. बाप रे. बरं, करा खाली, मघाशी चहात किती साखर घेतली ते विचारत नाहीये मी.

तर जखम भरली, पण त्याच बिघडलेल्या नसांची रात्रीची आग सुरू झाली. दिवसा पाय कापसात गुंडाळल्यासारखे, रात्री निखाऱ्यावर ठेवल्यासारखे, चादरीचा स्पर्शही नको. दुसरीकडे दाखवलं, तिथल्या तरुण डॉक्टरांनी मोजे काढायला लावले, मला तिथंच रडू आलं. मग त्यांनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" नाना शेवटी कंडक्टर, हिशोबाला पक्के. म्हणाले, "दिवसा शून्य, रात्री दहा. मग पाच लिहिता का?"

डॉक्टर गप्प झाले. मी गेली कित्येक वर्षं या एका वाक्यावर विचार करतेय, कारण जनुकीय उपचारांच्या चाचण्यांचा निकाल याच आकड्यावर लागतो. पेशंट रोज डायरीत लिहितो, 24 तासांचं सरासरी दुखणं किती, शून्य ते दहा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. बरं, पळते आता.

कल्पना अशी, की नसांना वाढायला मदत करणारं प्रोटीन शरीरातच बनवायचं. त्याच्या जनुकाची गोल डीएनए, तिला प्लास्मिड म्हणतात, पोटरीत ठिकठिकाणी टोचायची. त्यात व्हायरस नसतो. स्नायू ती सूचना वाचून काही दिवस प्रोटीन बनवतो, मग थांबतो. बोस्टनला व्हीईजीएफ नावाच्या प्रोटीनच्या जनुकावर 50 जणांची चाचणी झाली, 2009 ला छापून आली, त्रास थोडा कमी वाटला पण नसांच्या तपासण्यांत फरक नाही. मग कोरियाची व्हायरोमेड, आताचं नाव हेलिक्समिथ. त्यांचं औषध एन्जेन्सिस, यात एचजीएफ नावाच्या प्रोटीनचं जनुक. दुसऱ्या टप्प्याचा निकाल 2015 ला आला आणि सगळे हरखले. कमी डोसवाल्यांत जवळजवळ 48 टक्के लोकांचं दुखणं निम्म्यानं किंवा जास्त उतरलं, प्लासिबोवाल्यांत, म्हणजे औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांत, 17-18 टक्के. गंमत म्हणजे मोठ्या डोसनं तेवढा गुण नाही.

मग तिसरा टप्पा, अमेरिकेत 500 पेशंट. सप्टेंबर 2019 ला कंपनी सांगते, प्लासिबोवाल्यांच्या रक्तात औषधाची डीएनए सापडली, अदलाबदल झाली असावी! शेअर कोसळला. पुढच्या वर्षी चौकशी करून कंपनीच म्हणाली की अदलाबदलीचा पुरावा नाही. औषधात आणि प्लासिबोत मात्र ठरलेल्या मुदतीत फरक निघाला नव्हता. त्यातल्या 101 जणांना पुढे बघितलं तर त्यांच्यात फरक दिसला, आशा परत जागी झाली, माझीही. पण 500 मधले 101 म्हणजे चाळणीतून उरलेले, त्यांच्यावर घर बांधता येत नाही. आणि झालंही तसंच, पुढची 152 जणांची चाचणी जानेवारी 2024 ला फसली.

औषधच कुचकामी असेल, अगदी शक्य आहे, मी काही त्याची वकील नाही. पण माझा मुद्दा ऐका. एक तर चाचणीत प्लासिबोवाल्याचेही मोजे कुणीतरी काढतं, फोन करून विचारपूस करतं, त्याचंही दुखणं उतरतं, आणि मला ते खोटं वाटत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, नस पुरती मेली की दुखणंही थांबतं. शेवटच्या वर्षी नाना म्हणायचे, "आता काही दुखत नाही गं", आणि मोनोफिलामेंट कुठेच लागत नव्हता. डायरीत तो शून्य लिहिला असता तर 'सुधारणा' झाली असती! म्हणून नसा वाढवणाऱ्या औषधाचा मुख्य निकाल एकट्या दुखण्याच्या आकड्यावर ठेवू नका. हा धागाही मोजा, 3 मिलिमीटर कातडी काढून त्यातले नसांचे तंतूही मोजा, आणि मुदत तीन महिन्यांची नको, नस फार हळू वाढते. या तपासण्या चाचण्यांत असतात, नाही असं नाही, पण दुय्यम म्हणून, कोपऱ्यात.

दुसरी चिठ्ठी आली. ठीक आहे, प्रश्न बाहेर घेऊ. पन्नास धागे आणलेत, ज्यांनी हात वर केले होते त्यांनी मोजे काढून या पहिल्या रांगेत बसा, उजव्या पायापासून सुरू करते.