पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका कशी वाचावी

(सोलापुरात दहावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो,

आपल्या सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि दहावीची पूर्वपरीक्षा बहुधा एकाच सुमारास येतात, आणि होम मैदानावरचे पाळणे उतरतात न उतरतात तोच तपासलेले पेपर हातात पडतात. गुण कमी दिसले की घरात पहिला ठपका यात्रेवर येतो. एका संध्याकाळी पाळण्यात बसल्याने कोणी बीजगणित विसरत नाही, असे माझे मत आहे.

‘निराश होऊ नका’ एवढेच सांगून मी थांबणार नाही, कारण कमी गुण पडल्यावर वाईट वाटणारच आणि ते वाटू द्यावे. माझे म्हणणे इतकेच आहे की आशा धरायला जो आधार लागतो तो त्या उत्तरपत्रिकेतच असतो. आपण मात्र पहिल्या पानावरचा लाल आकडा पाहतो आणि ती दप्तराच्या तळाशी कोंबतो.

समजा, बीजगणितात चाळीसपैकी ११ गुण आहेत. वर्गसमीकरणाचे एक उदाहरण उघडू: क्ष² + ५क्ष − ६ = ०, सूत्राने सोडवायचे. विद्यार्थ्याने सूत्र बरोबर लिहिले, किमतीही बरोबर मांडल्या, पण स्थिरपद ऋण आहे हे पुढच्या ओळीत त्याच्या हातून निसटले. २५ आणि २४ यांची बेरीज करून ४९ यायला हवे होते, तेथे त्याने वजाबाकी करून १ आणला, आणि १ व −६ या मुळांऐवजी −२ व −३ ही उत्तरे लिहिली. यातली −२ ही किंमत समीकरणात घातली असती, तर शून्याऐवजी −१२ येते हे अर्ध्या मिनिटात कळले असते. या मुलाला वर्गसमीकरण येत नाही, असे म्हणता येईल का? त्याला ताळा घेण्याची सवय नाही, आणि ती परीक्षेपूर्वी लागू शकते. शिवाय बोर्डाच्या तपासणीत पायऱ्यांनाही गुण असतात, त्यामुळे उत्तर चुकेल अशा भीतीने जागा कोरी सोडणे हा तोट्याचाच व्यवहार आहे.

सगळेच गुण असे निसटलेले नसतात. इतिहासाचा शेवटचा प्रश्न वेळेअभावी राहिला असेल, तर पुन्हा धडा वाचून उपयोग नाही, घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहावा लागेल. विज्ञानात आकृती काढूनही भागांची नावे दिली नसतील, तर आकृत्यांची वेगळी वही करावी. आणि एखादे प्रकरण, म्हणा त्रिकोणमिती, मुळातच कळलेले नसेल, तर उत्तरपत्रिका घेऊन सरळ शिक्षकांकडे जावे आणि ‘येथून पुढे मला समजत नाही’ असे त्या ओळीवर बोट ठेवून सांगावे.

बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० मिळून गणिताचे १०० गुण होतात, हेही विसरू नये. एका भागातल्या ११ गुणांवरून ‘गणित गेले’ असा निकाल आपणच लावून टाकू नये.

पालकांना एक विनंती आहे. आपल्या शहराच्या पूर्व भागात कित्येक घरांत यंत्रमागाच्या खडखडाटात मुले अभ्यास करतात. माग थांबवणे तुमच्या हातात नसते, हे मी जाणतो. पण पाहुण्यांसमोर गुणांची चर्चा आणि शेजारच्या मुलाशी तुलना थांबवणे नक्कीच हातात आहे. त्या तुलनेनंतर मूल पुढचा पेपर घरी दाखवतच नाही, आणि मग चूक कोठे झाली हे पाहायची सोयच उरत नाही.

शेवटी, नापासाच्या भीतीविषयी. बोर्डाच्या मुख्य परीक्षेत एखादा विषय राहिलाच, तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, आणि एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो. हे आधी सांगितले तर मुले आळशी होतील, असे काही पालकांना वाटते. मला तसे वाटत नाही. वर्ष वाया जाण्याची धास्ती घेऊन बसलेल्या मुलाला ताळा घेणे सुचत नाही.