बँडवाल्यांची पंगत शेवटची

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या खान्देशात लग्नाची तारीख कधी कधी मुहूर्तावर कमी आणि बँडच्या तारखेवर जास्त ठरते. चांगला बँड मोकळा नसेल तर लोक हळद पुढे ढकलतात. हळदीच्या रात्री नवरदेवापेक्षा बँडमध्ये गाणाऱ्याला जास्त भाव असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण नाचणारे दमतात, अक्षता पडतात, वरणबट्टीच्या पंगतीवर पंगती उठतात, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे, बँडवाले जेवले का? तोवर भाजीच्या पातेल्यातली वांगी संपून नुसता रस्सा राहिलेला असतो. गणवेशाची बटणं सोडून, टोपी मांडीवर ठेवून ती माणसं मांडवाच्या कडेला मुकाट जेवतात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही. काम झालेलं असतं.

आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे तो अशाच एका बँडचा आहे. नाव 'द बँड्स व्हिजिट'. इस्रायलमध्ये तयार झालेला, २००७ सालचा. दिग्दर्शक एरान कोलिरिन. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं आणि तिथून तो जगभर गेला.

गोष्ट एवढीशी आहे. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातल्या पोलिसांचं वाद्यवृंद पथक, आठ माणसं, इस्रायलमधल्या पेताह तिक्वा या शहरी अरब सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनाला वाजवायला निघतं. विमानतळावर घ्यायला कोणी येत नाही. मग बसने जायचं ठरतं, चौकशीच्या खिडकीवर उच्चारात गल्लत होते आणि ही मंडळी वाळवंटातल्या बेत हातिक्वा नावाच्या भलत्याच गावी उतरतात. तिथे ना केंद्र, ना कार्यक्रम, ना हॉटेल. पुढची बस दुसऱ्या दिवशी.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे वडगाव किती आणि पिंप्री किती, याचा हिशेब एसटीच्या कंडक्टरलाही लागत नाही. वर पुन्हा खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं. भर दुपारी फाट्यावर उतरलेला पाहुणा सावलीला येऊन उभा राहतो, टपरीवरचा माणूस त्याला नीट न्याहाळतो आणि विचारतो, "कथा चालनात भो?" पाहुणा गाव सांगतो. उत्तर येतं, "ते गाव तिकडलं. आते बस नही शे, सकायले शे." बेत हातिक्वात नेमकं हेच होतं. खानावळ चालवणारी दीना नावाची बाई दारात उभी आहे. पथकप्रमुख अदबीने विचारतो, अरब सांस्कृतिक केंद्र कुठे आहे? ती सांगते, इथे अरबी संस्कृती नाही, इस्रायली नाही, कुठलीच नाही. आणि मग सगळ्यांना जेवायला घालते.

हा पथकप्रमुख म्हणजे तौफिक. पन्नाशी उलटलेला, मिशा नीट कातरलेल्या, टोपी सरळ, पाठ त्याहून सरळ. आकाशी निळा गणवेश, खांद्यावर पट्ट्या, हातात पेटी. चित्रपट सुरू होतो तेव्हा आठही जण विमानतळाबाहेर ओळीने उभे आहेत आणि आजूबाजूला कोणी नाही. पहिलं हसू इथे फुटतं. कॅमेरा लांब आहे, हलत नाही, कुणी विनोदी बोलत नाही. परेडला उभं राहावं तशी माणसं उभी आहेत, पण परेड बघायलाच कोणी आलेलं नाही. मूकपटांच्या काळात बस्टर कीटन चेहरा कोरा ठेवून जे करायचा, त्याच जातीचं हे काम आहे.

तौफिकला शिस्त हवी. आपल्या वकिलातीला फोन करून मदत मागायला तो तयार नाही, कारण पथकाने आजवर आपलं आपण निभावलं आहे. तो दीनाशी बोलताना एकेक शब्द इस्त्री करून काढतो. आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की हा माणूस शिस्तीला धरून उभा आहे, कारण धरायला त्याच्याकडे दुसरं काहीच राहिलेलं नाही. त्याची बायको गेली आहे, मुलगा गेला आहे, आणि मुलाशी आपण कठोर वागलो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हे तो चित्रपटात अगदी उशिरा सांगतो, दोन-चार वाक्यांत, रडण्याचं नाव न काढता.

या भूमिकेसाठी निवडलेला नट सासोन गबाय हा १९४७ साली बगदादमध्ये जन्मलेला, पुढे इस्रायली झालेला. म्हणजे इराकमध्ये जन्मलेला यहुदी नट इजिप्तच्या अरब पोलिसाचं काम करतो. दीना झालेली रोनित एल्काबेत्झ २०१६ साली फार लवकर गेली. ती टेबलावर कलिंगड कापते तेव्हासुद्धा असं वाटतं की बाई आत्ता काहीतरी बोलून जाईल आणि सगळ्यांची पंचाईत होईल.

आता माझं म्हणणं सांगतो. एकट्या, उतारवयाकडे झुकलेल्या पुरुषाला वाळवंटात किंवा लांबच्या रस्त्यावर नेऊन सोडणारे विनोदी चित्रपट जगात पुष्कळ झाले. त्यांना वाळवंट का लागतं? आपल्याकडे पन्नाशीचा माणूस एकटा असतो हे कुणाला पटवून बघा. घरात सुना-नातवंडं, दारात ट्रॅक्टर, संध्याकाळी ओट्यावर चार माणसं, वर्षातून एकदा सारंगखेड्याची यात्रा. हा एकटा कसा? "जेवन व्हयनं का?" असं त्याला दहा जण विचारतात. त्यापुढे कोणी काही विचारत नाही, आणि विचारलंच तर तो कापसाच्या भावावर जातो. भरल्या घरात त्याचं एकटेपण दिसूच शकत नाही, ते गर्दीत मिसळून जातं. त्याला उचलून उघड्या माळावर, बंद टपरीपाशी, बस गेल्यावर उभं करा. मग तो दिसतो. गणवेशासकट, मिशीसकट, आणि थोडा हास्यास्पदही. कोलिरिन यांनी ते ओळखलं आहे. ते तौफिककडे बघून हसू देतात, पण त्याची टवाळी होऊ देत नाहीत. ही रेषा फार बारीक आहे, आणि आपल्याकडचे बरेच विनोदी सिनेमे पहिल्या रिळातच ती ओलांडतात.

चित्रपटातला एक प्रसंग सांगतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पथकातला सर्वांत तरुण खालेद गावातल्या पोरांबरोबर चाकाच्या बुटांवर घसरायच्या हॉलमध्ये जातो. तिथे पापी नावाचा एक लाजाळू पोरगा आहे. त्याच्या वाट्याला आलेली मुलगी रुसून रडते आहे. तिघं एका बाकावर, ओळीने : मुलगी, पापी, खालेद. पापीला काही सुचत नाही. खालेद रुमाल काढून त्याच्या हातात देतो, पापी तो मुलीला देतो. खालेद पेला भरून देतो, पापी तो तिच्यापुढे करतो. मग खालेद स्वतःचा हात पापीच्या गुडघ्यावर ठेवतो. पापी हळूच मुलीच्या गुडघ्यावर ठेवतो. असं एकेक पाऊल. संवाद जवळपास नाहीच. कॅमेरा समोर खिळलेला. आपल्याकडे हाच प्रसंग असता तर मागे ढोलकी वाजवली असती, आणि खालेदने निदान दोन डायलॉग मारले असते.

दुसऱ्या घरात वेगळीच तऱ्हा. बँडमधले काही जण एका बेकार तरुणाच्या घरी मुक्कामाला आहेत. त्याच्या बायकोचा वाढदिवस आहे आणि ती या पाहुण्यांवर धुसफुसते आहे. जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही. पाहुणे अरबीवाले, यजमान हिब्रूवाले, मध्ये मोडकं इंग्रजी. मग घरातला म्हातारा एक जुनं अमेरिकन गाणं गुणगुणायला लागतो आणि पाहुणे त्यात सूर मिसळतात. या दोन देशांत युद्धं झाली, १९७९ साली तह झाला, हे चित्रपटात कोणी बोलून दाखवत नाही. एका ठिकाणी भिंतीवर रणगाड्याचा फोटो आहे. पथकातला एक जण गुपचूप आपली टोपी त्यावर अडकवतो आणि जेवायला लागतो. राजकारणाचा विषय तेवढ्यावर संपतो.

याच घरात सिमोन हा क्लॅरिनेटवाला आहे. त्याने कधीतरी एक रचना सुरू केली होती, ती पुरी झालेली नाही. तो बेकार यजमान तान्ह्या बाळाच्या खोलीत उभा राहून त्याला सुचवतो की शेवट गाजावाजा करून कशाला, असाच होऊ दे, एक लहान खोली, दिवा, झोपलेलं पोर. ज्याला संगीतातलं काही कळत नाही असा माणूस हे सांगतो. 

दोष नाहीत असं नाही. आठांपैकी निम्म्यांना चित्रपट नुसतं ओळीत उभं करतो. ते कोण, कुठले, घरी कोण आहे, काही कळत नाही. मला पथकातल्या त्या पोक्त वादकांविषयी जास्त ऐकायला आवडलं असतं. पुढे याच गोष्टीवर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि २०१८ साली त्याला ब्रॉडवेच्या नाटकांना दिले जाणारे १० टोनी पुरस्कार मिळाले. २०१८ मध्येच गबाय तिथेही तौफिक म्हणून उभा राहिला.

ऑस्करची गंमत मात्र सांगायला हवी. इस्रायलने हा चित्रपट परभाषिक विभागासाठी पाठवला होता. तो बाद झाला, कारण निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत निघाले. आता अरब आणि इस्रायली एकमेकांशी बोलणार कशात? पण जे ऑस्करवाल्यांना खटकलं ते आपल्या सोयीचं आहे. ते इंग्रजी अगदी साधं, अडखळत बोललेलं, आपल्या दहावीच्या पोरालाही कळेल असं आहे.

असा चित्रपट खान्देशात कोणी काढावा, असं मला फार वाटतं. पाहिजेत त्या जागा तयार आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या बागा नकोत, तिथे हिरवं फार आणि पाणीही आहे. शिंदखेड्याकडचा रस्ता घ्या, मे महिन्यातला. काळी जमीन भेगाळलेली, झळा अशा की दुपारी बारानंतर कुत्रंही रस्त्यावर येत नाही. किंवा हिवाळ्यात नंदुरबारला या. मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या असतात, नजर जाईल तिथवर लाल. त्या लालभडक पथारीच्या कडेने निळ्या गणवेशातला एक बँड पेट्या ओढत चालला आहे, पुढे पन्नाशीचा बँडमास्तर, सगळे ठसकताहेत आणि तो मात्र कॉलर सरळ करतो आहे. पटकथेचं पहिलं पान इथेच झालं. बाजूच्या मालेगावात हौशी मंडळींनी तुटपुंज्या पैशांत सिनेमे काढून दाखवले आहेत, तेव्हा पैसा नाही ही सबब चालायची नाही.

चित्रपट दीड तासाच्या आतला आहे. बघायचा तर रात्री जेवणं आटोपल्यावर बघा, आणि घरात पन्नाशी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांना सोबत बसवा. फक्त एक करा. "बाबा, हा तुमच्यावरच आहे," असं सुरुवातीला सांगू नका. ते उठून कापसाचे भाव बघायला जातील.

नमस्कार.