औजचा बंधारा आणि मेमरीची आगाऊ सूचना

(सोलापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

उजनी शून्य टक्क्यांवर आली अशी बातमी येते, तेव्हाही धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं. ते शून्य फक्त उपयुक्त साठ्याचं, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. संगणकाच्या ‘फ्री’, म्हणजे रिकाम्या, मेमरीचा आकडा बघून घाबरणाऱ्यांना मात्र समजवावं लागतं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी रिकामी ठेवत नाही, तीत फाईलींचा कॅशे (पुन्हा लागतील म्हणून ठेवलेल्या प्रती) भरते आणि गरज पडली की त्यातला बराच भाग सोडून देते. म्हणून २०१४ साली कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ मध्ये ‘मेमअव्हेलेबल’, म्हणजे मिळू शकेल इतकी मेमरी, हा वेगळा आकडा आला. पण तोही अंदाजच. मेमरी संपत आली की ॲपला आगाऊ सूचना द्यायची, म्हणजे ते आपल्याकडची काही मेमरी सोडून देईल, हा आजचा विषय. त्यासाठी ‘इतके एमबी उरले की ॲपला कळवा’ हा नियम मला पायापासूनच चुकीचा वाटतो.

मोजायचं असतं ते मेमरीच्या टंचाईपायी काम किती वेळ अडून राहिलं. २०१८ च्या ४.२० कर्नलपासून ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’, म्हणजे पीएसआय, हेच मोजतं. त्याच्या मेमरीच्या फाईलीत दोन ओळी असतात. ‘सम’ म्हणजे निदान एक काम अडलं. ‘फुल’ म्हणजे करण्यासारखी सगळीच कामं एकाच वेळी अडली. प्रत्येक ओळीत १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी टक्क्यांत आणि एकूण अडलेला वेळ मायक्रोसेकंदांत.

ॲपने ही फाईल सारखी वाचत बसायचं नाही. ती लिहिण्यासाठी उघडायची, ‘सम २००००० २००००००’ अशी ओळ टाकायची आणि पोल करून, म्हणजे कर्नल उठवेपर्यंत निजून, थांबायचं. अर्थ असा, की २ सेकंदांत मिळून २०० मिलिसेकंद अडलं तर उठव. साध्या (ॲडमिनचे हक्क नसलेल्या) युजरला ही खिडकी, म्हणजे मोजणीचा कालावधी, २ सेकंदांच्या पटीतच घ्यावी लागते. फाईल बंद केली की नोंदही गेली. ही चूक फार जण करतात. दाब टिकून राहिला तर एका खिडकीत फार तर एकदा सूचना येते, आणि दाब ओसरल्याची सूचना येतच नाही. मॅकओएस ‘नॉर्मल’, ‘वॉर्न’, ‘क्रिटिकल’ अशा तीन पायऱ्या देते, त्यात परत ‘नॉर्मल’ झाल्याचंही कळतं. लिनक्सवर त्यासाठी स्वतःचा टायमर लावा, नाहीतर ॲपने कमी केलेला कॅशे कायमचा आखडून बसतो.

उंबरठा, म्हणजे किती अडल्यावर सूचना यावी, कुठे ठेवायचा? उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या औजच्या बंधाऱ्यात पोचायला दिवस लागतात, म्हणून बंधारा कोरडा पडायच्या आधीच ते सोडावं लागतं. तुमच्या ॲपला आवरायला, म्हणजे नको ती मेमरी सोडायला, किती वेळ लागतो ते आधी मोजा, उंबरठा त्यावरून ठरवा. स्वॅप (मेमरीतला न लागणारा भाग ठेवायची डिस्कवरची जागा) नसलेल्या मशीनवर दाब उशिरा दिसतो आणि एकदम चढतो. तिथे अवधी आणखी कमी.

खरी माती होते ती सूचना आल्यानंतर. समजा, ४० हजार छोट्या चित्रांचा कॅशे लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकाला पुढचा जोडलेल्या नोडच्या साखळीत, आहे. आवरायचं म्हणून ॲप एकेका नोडपाशी जातं, शेवटचा वापर कधी झाला ते बघतं आणि जुना असेल तर सोडतं. पण जुने नोड तर आधीच स्वॅपमध्ये गेलेले! प्रत्येकाला हात लावला की ४ केबीचं पान (कर्नल मेमरी अशाच तुकड्यांनी हाताळतं) परत मेमरीत येतं. म्हणजे जागा करण्यासाठीच जागा लागते, तीही ऐन टंचाईत. म्हणून चित्रं ४-४ एमबीच्या वेगळ्या मॅप केलेल्या (कर्नलकडून थेट मागून घेतलेल्या) तुकड्यांत ठेवा, वापराच्या वेळा एका छोट्या तक्त्यात, आणि सोडताना अख्खा तुकडा अनमॅप करा. आत डोकावूच नका. सी भाषेतलं नुसतं ‘फ्री’ फंक्शन वापरल्याने मेमरी कर्नलला परत जाईलच असं नाही. ग्लिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) त्यासाठी ‘मॅलॉक ट्रिम’ आहे. सूचना हाताळणाऱ्या कोडने नवी मेमरी मागायची नाही, लॉगच्या ओळीसाठीसुद्धा नाही. लागणारा बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवा. आणि एकाच मशीनवर तुमच्या दहा प्रोसेस असतील तर सगळ्यांनी एकदम आवरायला घेऊ नये, म्हणून प्रत्येकीला थोडा वेगवेगळा उशीर द्या.

हे तपासायला मशीन गुदमरवायची गरज नाही. ॲप वेगळ्या सीग्रुपमध्ये (ज्याला मेमरीची स्वतंत्र मर्यादा घालता येते अशा प्रोसेसच्या गटात) चालवा आणि ‘मेमरी हाय’ची मर्यादा हळूहळू खाली आणा. ‘मेमरी मॅक्स’ नको, त्यात प्रोसेस मारली जाऊ शकते. ‘हाय’ तिला फक्त दाबाखाली आणून मंद करते. त्याच सीग्रुपच्या प्रेशर फाईलीतला एकूण अडलेला वेळ आवरण्याआधी आणि नंतर टिपा. आवरून झाल्यावरही तो आधीच्याच वेगाने वाढत असेल, तर एकतर आवरलेली मेमरी कर्नलपर्यंत पोचलेली नाही किंवा तुमचं कोड अजून त्या जुन्या पानांना हात लावतंय.