प्रेस्टनचा प्लंबर

नमस्कार श्रोतेहो. आज सांगायचंय ते एका प्लंबरबद्दल.

टॉम फिनी, इंग्लंडचा फुटबॉलपटू. जन्म १९२२ चा, उत्तर इंग्लंडातल्या प्रेस्टनचा. प्रेस्टन म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. पोरगं अंगानं किरकोळ, मूळचं डावऱ्या पायाचं. पण उजवा पाय असा घोटून तयार केला की पुढे मैदानाच्या उजव्या बगलेवरूनच त्यानं नाव काढलं. प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबचं बोलावणं आलं, तेव्हा वडिलांचा एकच हट्ट: आधी नळकाम पुरतं शिकून घे. मुलानं ऐकलं.

मग महायुद्ध. उमेदीची वर्षं इजिप्त आणि इटलीत, रणगाड्यांच्या दलात गेली. लीगमधला, म्हणजे इंग्लंडातल्या क्लबांच्या साखळी स्पर्धेतला, पहिला सामना १९४६ साली, चोविसाव्या वर्षी. आणि महिन्याच्या आत अंगावर इंग्लंडची जर्सी!

आता १९५२ ची गोष्ट ऐका. इंग्लंडचा संघ इटलीत असताना तिथल्या पालेर्मो क्लबनं फिनीला विचारलं. करारापोटी १० हजार पौंड, महिना १३० पौंड पगार, वर बंगला आणि मोटार. तेव्हा इंग्लंडात कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला १४ पौंडांच्या वर पगार देण्याची क्लबांना मुभाच नव्हती. खेळाडूची नोंदणीही क्लबच्या मुठीत. प्रेस्टननं सोडायला साफ नकार दिला. फिनी परत आला, खेळत राहिला. लोक याला निष्ठा म्हणतात. निष्ठा होतीच. पण जायचं की राहायचं, हे ठरवणं त्याच्या हाती नव्हतं, हे मला आजही खुपतं.

पगार असा बांधलेला, म्हणून नळकाम सुटलं नाही. ज्याच्या नावावर इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल, तो माणूस गावातल्या घरांमध्ये पाइप बसवायला जायचा.

लीगचं विजेतेपद मात्र लाभलं नाही. १९५३ मध्ये आर्सेनलइतकेच गुण झाले, पण गोलांच्या सरासरीवर, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल या हिशेबावर, करंडक हुकला. पुढच्याच वर्षी एफए कप या इंग्लंडातल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम लढतही ३-२ अशी हातची गेली. १९६० मध्ये दुखऱ्या जांघेनं त्याला थांबवलं. जेमतेम नऊ महिन्यांनी, जानेवारी १९६१ मध्ये, पगारावरची ती मर्यादा उठली.

प्रेस्टन क्लबच्या डीपडेल मैदानाबाहेर आज त्याचा पुतळा आहे. १९५६ मध्ये चेल्सीविरुद्ध, पावसानं तळं झालेल्या मैदानावर टिपलेल्या छायाचित्रावरून घडवलेला. एका अंगावर कललेला फिनी, आणि त्याच्या भोवती उसळणारं पाणी.