नजरेच्या झेपा

घरातील एखाद्या आरशासमोर उभे राहा आणि त्यात दिसणाऱ्या आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा. आता नजर उजव्या डोळ्यावर न्या, मग पुन्हा डाव्यावर आणा. आपल्याला आधी एक डोळा दिसेल, नंतर दुसरा. परंतु एकाकडून दुसऱ्याकडे सरकणारी बुबुळे मात्र कितीही वेळा प्रयत्न केला तरी दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती हालचाल स्पष्ट दिसते, मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यात चित्र क्षणभर उशिरा उमटत असल्याने तेथे आपल्यालाही ती पाहता येते, पण आरशात नाही. जर्मनीतील हाले येथे बेनो एर्डमन आणि रेमंड डॉज या दोघांनी 1898 मध्ये या साध्या अनुभवाची गंभीरपणे दखल घेतली.

डोळ्याला हलावे का लागते, याचे उत्तर त्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात आहे. या पटलाच्या मध्याजवळ सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची एक लहानशी खळगी असते, तिला फोव्हिया म्हणतात. बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशींची सर्वांत दाट वस्ती येथे असते आणि केंद्रापासून दूर जावे तशी ती झपाट्याने विरळ होते. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरला, तर त्याच्या नखाएवढाच भाग आपण कोणत्याही एका क्षणी खऱ्या अर्थाने स्पष्ट पाहत असतो. बाकीचे सारे दृश्य धूसर असते. संपूर्ण दृष्टिपटलच फोव्हियाइतके तीक्ष्ण असते, तर ती माहिती वाहून नेणारा दृष्टिचेता आणि तिचा अर्थ लावणारा मेंदू या दोघांनाही अवाढव्य आकार घ्यावा लागला असता. प्रत्यक्षात एका डोळ्यातून मेंदूकडे सुमारे 10 लाख तंतू जातात. तेवढ्यांतच भागवायचे, तर तीक्ष्ण भाग लहान ठेवून तो हवा तेथे वळवणे हाच मार्ग उरतो, आणि प्रत्येक डोळ्याला जोडलेले सहा स्नायू हेच काम करतात.

हे वळणे संथ आणि सलग असेल असे आपल्याला वाटते, पण तसे ते नसते. पॅरिसमध्ये नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत 1870 च्या दशकाच्या अखेरीस लामार या त्यांच्या सहकाऱ्याने वाचणाऱ्या माणसाच्या पापणीला एक साधन टेकवले आणि रबरी नळीतून येणारे हलके आवाज कानांनी मोजले. ओळीवरून डोळा घरंगळत जात नाही, तो थांबतो, उडी घेतो, पुन्हा थांबतो, असे त्यातून दिसले. या उडीला फ्रेंचमधील झटक्याच्या अर्थाचा ‘सॅकेड’ हा शब्द मिळाला. ज्या जावाल यांच्या देखरेखीखाली वाचणाऱ्या डोळ्याचा हा अभ्यास झाला, त्यांचीच दृष्टी पुढे काचबिंदूने गेली, हे वाचताना मन हेलावते.

आपण जागे असताना अशा झेपा सेकंदाला साधारण तीन वेळा घेतल्या जातात. दोन झेपांमध्ये नजर पाव सेकंदाच्या आसपास एका जागी खिळते. प्रत्यक्ष झेप त्याहून कितीतरी छोटी, आणि तिचा वेग मात्र सेकंदाला 500 अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. सोळा तासांच्या दिवसाचा हिशेब केला तर या झेपा दीड लाखांहून अधिक भरतात. एका झेपेला सरासरी 40 मिलिसेकंद धरले, तर दिवसातील जवळपास दोन तास आपला डोळा एका जागेवरून दुसरीकडे निघालेला असतो. त्या दोन तासांत दृष्टिपटलावरून सरपटणारी पुसट चित्रे आपल्या अनुभवात कोठेही आढळत नाहीत, कारण झेपेच्या काळात मेंदू दृष्टीची संवेदनशीलता कमी करतो आणि झेपेच्या आधी व नंतर मिळालेली स्पष्ट चित्रे त्या पुसट खुणा झाकून टाकतात. आरशात आपलीच हालचाल आपल्याला दिसत नाही ती यामुळे.

मात्र यापेक्षा अवघड प्रश्न पुढेच आहे. प्रत्येक झेपेबरोबर दृष्टिपटलावरील संपूर्ण चित्र सरकते, तरीही भिंत, दार, समोरचा माणूस जागच्या जागी कसे राहतात? एक डोळा मिटा, उघड्या डोळ्याच्या पापणीच्या कडेला बोटाने अगदी हलका दाब द्या, आणि सारे जग डगमगल्यासारखे दिसेल. एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी या अनुभवावरून असा निष्कर्ष काढला की, डोळा स्वतः हलवला जातो तेव्हा त्या आज्ञेची वर्दी मेंदूच्या दृष्टिविभागालाही मिळत असली पाहिजे. बोटाने ढकललेल्या डोळ्याबाबत अशी वर्दी कोणी दिलेली नसते. 1950 मध्ये जर्मनीत फॉन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनी आणि अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी या कल्पनेला प्रयोगांचा आधार दिला. पुढे 1992 मध्ये माकडांच्या मेंदूतील काही पेशींबाबत जे आढळले, ते मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते: झेपेनंतर जी जागा आपल्या वाट्याला येणार आहे, तेथील वस्तूला या पेशी झेप सुरू होण्यापूर्वीच प्रतिसाद देऊ लागतात. डोळा अजून निघालेलाही नसतो आणि मेंदूने नव्या जागेचा नकाशा मांडायला घेतलेला असतो.

या जोडकामाची एक खूण भिंतीवरच्या घड्याळात सापडते. अचानक नजर सेकंदकाट्याकडे वळवली की पहिला सेकंद नेहमीपेक्षा लांबल्यासारखा, काटा थबकल्यासारखा वाटतो. 2001 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या भासाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झेपेत गेलेला वेळ मेंदू नव्या दृश्याच्या खात्यात जमा करतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

मग डोळा हललाच नाही तर काय होईल? 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, डोळ्यावर बसवलेल्या छोट्या आरशाच्या साहाय्याने, डोळ्याबरोबर तंतोतंत सरकणारे चित्र दाखवण्याचे प्रयोग झाले. असे चित्र दृष्टिपटलावर एकाच जागी राहते. काही सेकंदांत त्याच्या कडा विरतात, मग रंग जातात आणि शेवटी समोर काहीच उरत नाही. दृष्टिपटलातील पेशींना बदलाची भाषा कळते. तोच प्रकाश त्याच पेशीवर पडत राहिला की तिचा प्रतिसाद मंदावतो. आपण एकटक पाहत असतो तेव्हाही डोळा बारीक थरथरत, किंचित वाहत आणि सूक्ष्म झेपा घेत असतो, आणि त्या अस्वस्थतेमुळेच दृश्य जिवंत राहते. याचा पुरावा प्रत्येकाच्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते आणि त्याची सावली प्रकाशपेशींवर सतत पडत असते, पण ती डोळ्याबरोबरच हलत असल्याने आपल्याला जन्मभर दिसत नाही. नेत्रतपासणीत दिवा तिरका फिरवला जातो तेव्हा सावली नेहमीच्या जागेवरून सरकते आणि निष्पर्ण झाडासारखी एक आकृती क्षणभर समोर उभी राहते.

आतापर्यंत जे पाहिले ते डोळ्याच्या यंत्रणेविषयी होते. नजर कोठे जाते, हा वेगळा प्रश्न आहे. मॉस्कोतील आल्फ्रेड यार्बुस यांनी बधिर केलेल्या डोळ्यावर चोषणाने घट्ट बसणारी छोटी टोपी लावून नजरेचे मार्ग कागदावर उमटवले. त्यांचे हे काम 1965 मध्ये रशियनमध्ये आणि 1967 मध्ये इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाले. त्यांनी इल्या रेपिन यांचे एक चित्र निवडले होते: हद्दपारीतून अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस दारातून आत येतो आणि घरातले थबकून त्याच्याकडे पाहतात. एकाच प्रेक्षकाने ते सात वेळा, दर वेळी तीन मिनिटे पाहिले, आणि दर वेळी त्याच्यासमोरचे काम वेगळे होते. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा नजर कपड्यांवर आणि सामानावर फिरली. वये विचारली तेव्हा ती चेहऱ्यांवरच घुटमळली. हा माणूस किती काळ घराबाहेर होता, असे विचारल्यावर नजर मुलांच्या आणि आगंतुकाच्या चेहऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करू लागली, कारण तो गेला तेव्हा ही मुले केवढी असतील, याचा अंदाज डोळेच घेत होते. चित्र तेच, डोळे तेच, तरीही प्रश्न बदलताच पाहणे बदलले.

आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर मुलांना पहिला सल्ला मिळतो तो चेंडूवरून नजर हलवू नकोस हा. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी वेगवेगळ्या कुवतीच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर नजर टिपणारा कॅमेरा बसवला, यंत्राने चेंडू टाकले आणि 2000 मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. चेंडू सुटताना नजर त्याच्यावर असते. नंतर ती त्याला सोडून खाली झेप घेते आणि चेंडू जेथे टप्पा घेईल त्या जागेवर जाऊन थांबते. टप्पा पडल्यावर ती पुन्हा थोडा वेळ चेंडूचा पाठलाग करते. तिघांपैकी अधिक कुशल फलंदाजाची ही झेप लवकर होत होती, तर कच्च्या फलंदाजाची उशिरा. चेंडू अजून हवेत असतो आणि कुशल फलंदाजाचे डोळे खेळपट्टीवरील एका रिकाम्या जागेकडे पाहत त्याची वाट बघत असतात.